थकबाकीदार कोण?

(अमरावती येथे पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वऱ्हाडात 'थकबाकीदार' या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सोसायटीची यादी, बँकेची नोटीस, सावकाराची वही यांतून हा शब्द येथल्या शेतकऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिरत आला आहे. परंतु हाच शब्द इंग्रजी वेष घेऊन क्षयरोग्याच्या कपाळीही कित्येक वर्षे मारला जात होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात आलेले नाही. उपचार सुरू झाल्यावर ज्याने सलग दोन महिने वा अधिक काळ औषध घेतले नाही, त्याची नोंद सरकारी कागदोपत्री 'डिफॉल्टर' अशी होत असे. म्हणजे औषध देणारे शासन हे जणू सावकार, आणि औषध सोडणारा रोगी हा कर्जबुडवा! जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आपल्या व्याख्या सुधारल्या तेव्हा हा शब्द टाकून दिला आणि 'पाठपुराव्यातून सुटलेला' अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. शब्द बदलला, पण त्यामागची समजूत बदललेली दिसत नाही. रोगी औषध मध्येच का सोडतात, असे विचारले तर उत्तर अजून ठरलेलेच असते: लोक अडाणी आहेत, जरा बरे वाटले की गोळ्या टाकून देतात.

हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही, आणि म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे. औषधांना दाद देणाऱ्या साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. औषध नियमितपणे पोटात गेले की काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. बहुसंख्य जंतू सुरुवातीलाच मरतात; पण जे थोडे सुप्तावस्थेत दडून राहतात त्यांना संपवण्यासाठी उरलेले महिने लागतात. ते पुरे झाले नाहीत तर रोग उलटतो, घरच्यांना लागतो, आणि मागे राहिलेले जंतू औषधांना न जुमानणारे निघण्याचा धोका असतो. अशा हट्टी क्षयाचा उपचार काही वर्षांपूर्वीपर्यंत दोन-दोन वर्षे चाले आणि त्यातील इंजेक्शनांनी कित्येकांच्या कानांना कायमची इजा होई. त्यासाठीही सहा महिन्यांची नवी उपचारपद्धती केंद्र सरकारने मान्य केली ती २०२४ मध्ये. तात्पर्य, रोग्याला बरे वाटणे आणि रोग बरा होणे यांच्यात चार-पाच महिन्यांचे अंतर आहे. या महिन्यांत रोग्याच्या घरात काय घडते, हाच खरा प्रश्न आहे.

दर्यापूर किंवा अकोट तालुक्यातील एखादी भूमिहीन मजूर स्त्री समजा. तिच्या रोगाचे निदान आषाढात झाले. निदानापूर्वीच दोन-तीन महिने खोकल्यात गेलेले असतात. खाजगी डॉक्टरकडे सुया, सलाइन आणि खोकल्याच्या बाटल्या यांपायी उसनवारी झालेली असते. सरकारी औषध फुकट मिळू लागले म्हणून हे आधीचे कर्ज फिटत नाही. श्रावणातली निंदणाची कामे चुकतात. भाद्रपदात ताप जातो, खोकला थांबतो, अंगात थोडे बळ येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कपाशीचा पहिला वेचा सुरू होतो. मजूर स्त्रीच्या हाती वर्षातला रोख पैसा येण्याचा हाच काळ. वेचणीची मजुरी किलोवर असते. जितके वेचावे तितके दाम. ज्याने उसने दिलेले असतात तो किराणा दुकानदारही याच हंगामाकडे डोळे लावून बसलेला असतो. म्हणजे उपचाराचे शेवटचे तीन महिने नेमके वेचणीवर येऊन आदळतात. औषध आणायला आरोग्य केंद्रात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे वेगळे, आणि तेथे पोचल्यावर 'आज सिस्टर नाहीत, उद्या या' हे ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. शिवाय गोळ्या 'गरम' पडतात, मळमळते, सांधे दुखतात. उन्हात दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा त्रास सरळ कमाईत घट आणणारा असतो. अशा वेळी ती गोळ्यांचे पाकीट घरी ठेवून ओटी बांधते आणि शेतात जाते, तेव्हा तिचे ते कृत्य अज्ञानाचे नसते. तिने हिशेब केलेला असतो. त्या हिशेबात सहा महिन्यांनंतरच्या धोक्यापेक्षा आठवड्याच्या बाजाराचे वजन अधिक भरते, इतकेच.

आता शासनाचा हिशेब पाहू. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेखाली क्षयरोग्याला दरमहा पाचशे रुपये देण्यास आरंभ झाला. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम हजार रुपये झाली. दरमहा हजार म्हणजे दिवसाला सुमारे तेहतीस रुपये. रोजगार हमीच्या कामासाठी केंद्राने महाराष्ट्राकरिता २०२४-२५ मध्ये ठरवलेला मजुरीचा दर रोज २९७ रुपये होता. तेव्हा सरकारच्याच दराने मोजले तरी ही महिन्याची मदत साडेतीन दिवसांच्या मजुरीइतकी भरत नव्हती. आणि ती मिळण्यासाठी बँकेचे खाते, आधारजोडणी असे सगळे सोपस्कार पुरे असावे लागतात. ही रक्कम पोषणासाठी आहे, मजुरीच्या भरपाईसाठी नाही, असे यावर सांगितले जाईल. ते बरोबर आहे. मग मजुरीच्या भरपाईसाठी काय आहे, असा पुढचा प्रश्न विचारला, तर शेतमजुराच्या बाबतीत त्याला उत्तर नाही.

रोगी बेफिकीर असतो ही समजूत आजची नाही, आणि ती खोटी ठरल्यालाही साठ वर्षे उलटली आहेत. १९५९ साली बंगलोरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तेथे काम करणारे देबबर बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी स्टिग अँडरसन यांनी त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील तुमकूर जिल्ह्यात खेडोपाडीच्या क्षयरोग्यांची समाजशास्त्रीय पाहणी केली. ती १९६३ साली प्रसिद्ध झाली. खेडूत रोगाकडे दुर्लक्ष करतो, अंगारा-धुपारा करीत बसतो, अशीच तेव्हाच्या तज्ज्ञांची धारणा होती. पाहणीत निघाले ते उलटेच. जवळजवळ सर्व रोग्यांना आपल्या लक्षणांची जाणीव होती, बहुतेकांना त्यांची काळजी वाटत होती, आणि निम्म्याहून अधिक रोगी आपण होऊन दवाखान्याची पायरी चढलेही होते. दवाखान्याने त्यांची थुंकी तपासली नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली हाती देऊन त्यांना परत पाठवले. थकबाकी हाच शब्द वापरायचा तर ती पहिल्या दिवसापासून कोणाकडे होती, हे या पाहणीने दाखवून दिले. १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची आखणी याच संस्थेच्या अभ्यासातून झाली. परंतु अशा कार्यक्रमाला जी सशक्त प्राथमिक आरोग्यव्यवस्था पायाभूत म्हणून हवी होती ती उभी राहिली नाही, आणि कार्यक्रम अधांतरी राहिला.

याच काळातील मद्रासच्या प्रयोगाचीही आठवण येथे केली पाहिजे. १९४६ च्या भोर समितीने देशात सुमारे पंचवीस लाख क्षयरोगी आणि त्यांच्यासाठी जेमतेम सहा हजार खाटा, असा अंदाज दिला होता. सर्वांसाठी आरोग्यधामे बांधणे गरीब देशाला अशक्य होते. १९५६ पासून मद्रासच्या केंद्रात आरोग्यधामातील आणि घरी राहून उपचार घेणाऱ्या रोग्यांची तुलना करण्यात आली, आणि औषधे नियमित घेतली तर गरिबाच्या कोंदट घरातही क्षय जवळजवळ तितकाच बरा होतो, हे १९५९ मध्ये सिद्ध झाले. जगाची उपचारपद्धती बदलून टाकणारा हा शोध होता आणि तो गरिबांच्या हिताचाच होता. पण शासनांनी त्याचा सोयीस्कर अर्धा भाग उचलला. आरोग्यधामात औषधाबरोबर विश्रांती आणि अन्न मिळत असे. घरच्या उपचारात औषध तेवढे घरी आले. विश्रांती आणि अन्न यांची जबाबदारी रोग्यावर टाकण्यात आली. प्रयोगातील रोग्यांच्या घरी जाणारी, गैरहजर राहिल्यास शोध घेणारी माणसेही होती. खेड्यातल्या केंद्रात ती कोठून येणार?

पुढे १९९३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर 'डॉट्स' पद्धत आली. २००६ पर्यंत ती देशभर पोचली. कोणाच्या तरी डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या, आठवड्यातून तीनदा. तिच्यामुळे औषधपुरवठ्याला आणि नोंदींना शिस्त आली, मृत्यू कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु रोगी विश्वासास पात्र नाही, त्याच्यावर पहारा हवा, हे तिचे गृहीतकृत्य होते. ज्याची मजुरी सकाळी सातला सुरू होते त्याने गोळी गिळून दाखवायला केंद्र उघडण्याची वाट पाहायची, यात कोणाचा वेळ फुकट समजला गेला, हे वेगळे सांगायला नको. २०१७ मध्ये रोज औषध घेण्याची पद्धत आली आणि गोळ्या पुन्हा घरी गेल्या. पहाऱ्यासाठी काही ठिकाणी गोळीच्या पाकिटामागे दडवलेल्या क्रमांकावर फोन करण्याची युक्ती निघाली. या सर्व काळात गोळी गिळली की नाही यावर जितकी बुद्धी खर्च झाली, तिच्या शतांशानेही गिळणाऱ्याच्या मजुरीवर झाली नाही.

वास्तविक क्षयरोग्याची मजुरी चालू राहिली पाहिजे, हे तत्त्व या देशाच्या कायद्याला नवीन नाही. कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली. या योजनेत आजारी कामगाराला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. आणि क्षयासारख्या दीर्घ मुदतीच्या आजारात, नोकरीच्या व वर्गणीच्या ठराविक अटी पुऱ्या केलेल्या कामगाराला ऐंशी टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. ज्याने ही तरतूद लिहिली त्याला ठाऊक होते की क्षयरोग्याचे घर चालले तरच तो औषध पुरे करील. प्रश्न इतकाच की हा 'कामगार' कोण?

शेतमजूर या कायद्याच्या कक्षेत नाही, हे सर्वांना माहीत आहे. परंतु वऱ्हाडच्या दृष्टीने त्याहून झोंबणारी एक गोष्ट त्या कायद्यात आहे. हंगामी कारखाने त्यातून वगळण्यात आले, आणि हंगामी कारखाना म्हणजे काय हे सांगताना ज्या धंद्यांची नावे घेतली गेली त्यांत कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग नावानिशी आहे! २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांचा हा अपवाद काढला नाही. अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल चालू होत्या त्या काळाची कल्पना करा. गिरणीत सूत काढणारा कामगार या विम्यात बसू शकत होता. त्या गिरणीसाठी सरकी वेगळी करणारा, दिवसभर कापसाची धूळ छातीत घेणारा जिनातला मजूर त्यात बसत नव्हता. आणि तो कापूस वेचणारी बाई तर कायद्याला दिसतही नव्हती. कापूस तोच, जंतू तोच. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि विम्यात बसणारे जे थोडे होते त्यांतलेही अनेक बाहेर आले.

अन्नाविषयी आता नवा पुरावा हाती आला आहे. मद्रासच्या प्रयोगानंतर कित्येक वर्षे, क्षय बरा होण्यासाठी आहार निर्णायक नाही, औषध पुरे, असा सोपा निष्कर्ष काढला जात होता. झारखंडमधील चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात रोग्यांच्या कुटुंबीयांना काही महिने पुरेसा शिधा देण्यात आला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला त्या घरांत क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले, आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्यांचे वजन वाढले त्यांच्यातील मृत्यूही पुष्कळ कमी झाले. औषधाने भूक परत येते, पण ताटात काय आहे? तुरीचा प्रदेश आपला, डाळीच्या गिरण्या अकोल्यात, आणि शेतमजुराच्या घरी वरण पातळ होत होत सणापुरते उरले आहे. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. ज्याने छाती भरून येईल ते मिळत नाही. २०२२ मध्ये सरकारने 'निक्षय मित्र' ही कल्पना काढली. दानशूर व्यक्तींनी आणि कंपन्यांनी रोगी दत्तक घ्यावे, त्यांना अन्नाची टोपली द्यावी. देणाऱ्याच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जे हक्काने मिळायला हवे ते कोणाच्या तरी वाढदिवसाच्या निमित्ताने, छायाचित्रासह मिळू लागले, तर ते पुढच्या महिन्यात मिळेलच याचा भरवसा काय?

मेळघाटातील कोरकूंचा प्रश्न याहून बिकट आहे. धारणी-चिखलदऱ्याची कुटुंबेच्या कुटुंबे खरिपाचे काम आटोपल्यावर कामासाठी खाली सपाटीवर उतरतात. कोणी सोंगणीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी त्याहून दूर. होळीला परततात, कारण कोरकूंचा तो सर्वांत मोठा सण. उपचाराचा कागद धारणीत आणि रोगी अंजनगावच्या शिवारात, अशी ही अवस्था. नियमाप्रमाणे नोंदलेल्या रोग्याला देशात कोठेही औषध मिळू शकते. पण परक्या तालुक्यात, परक्या भाषेत, मुकादमाकडून उचल घेतलेली असताना, 'मला क्षय आहे, गोळ्या द्या' असे सांगायला जाणारा माणूस कामावरून काढला जाण्याची भीती मनात घेऊन जातो. मेळघाटातले अधिकारी भुमक्याला दोष देतात. भुमक्याकडे जाण्यात वेळ जातो आणि तो वेळ जिवावर बेततो, हे खरे. पण भुमका गावात असतो, त्याला कोरकू येते, आणि तो रोग्याला 'उद्या या' म्हणत नाही. आरोग्य केंद्राला यांपैकी काय साधते, याचाही विचार व्हावा.

दारूचा मुद्दा टाळता येणार नाही. औषध सोडणाऱ्या पुरुषांत दारू पिणारे बरेच असतात, दारू आणि गोळ्या मिळून यकृत बिघडते आणि मग औषध खरोखरच बंद करावे लागते. गावात दारू मिळते आणि औषध तालुक्याला मिळते, हेही त्याच चित्राचा भाग आहे. स्त्रियांच्या बाबतीत कारण वेगळे. लग्न ठरायच्या वयाच्या मुलीचे औषध लपवले जाते. सासरी कळले तर माहेरी धाडतील या धास्तीने सून गोळ्या धान्याच्या कणगीत दडवते आणि कोणी घरात असले की त्या दिवशीची गोळी राहून जाते. अशा घरी सरकारी गाडी दारासमोर उभी करून चौकशी करणारा कर्मचारी तिला मदत करीत नाही. हे काम गावातली आशा अधिक शहाणपणाने करते. साध्या क्षयाच्या रोग्याचा उपचार पुरा करून घेतल्याबद्दल तिला मिळणारे मानधन सबंध सहा महिन्यांचे एक हजार रुपये, आणि त्या बाईला स्वतःला पगारी सेविका म्हणून मान्यता नाही.

शेवटी पुरवठ्याविषयी. २०२३ मध्ये हट्टी क्षयाच्या औषधांचा आणि २०२४ च्या आरंभी नेहमीच्या औषधांचा देशातील अनेक भागांत तुटवडा पडला. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना स्थानिक बाजारातून औषधे खरेदी करण्यास सांगितले. रोग्याने महिनाभर गोळी घेतली नाही तर त्याच्या नावापुढे शेरा पडतो. महिनाभर गोळीच आली नाही, तेव्हा शेरा कोणाच्या नावापुढे पडला? २०२५ अखेर क्षयाचे निर्मूलन करण्याची घोषणा झाली होती. तो काळ सरून गेला आणि जगातील क्षयरोग्यांपैकी चौथा हिस्सा अजून भारतातच आहे.

समाजवादी चळवळीनेही येथे आपल्याकडे पाहायला हवे. कापसाच्या भावासाठी वऱ्हाडात मोर्चे निघाले, रास्ता रोको झाले. १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हा तिच्या बाजूने आणि विरुद्ध रान उठले. क्विंटलला किती, हा प्रश्न योग्यच होता. वेचणाऱ्या बाईच्या छातीचे काय, हा प्रश्न त्या सभांत कोणी विचारला नाही, कारण तो 'आरोग्याचा' समजला गेला आणि आरोग्य हे सेवाभावी मंडळींचे क्षेत्र मानले गेले. दाजीसाहेब पटवर्धनांनी अमरावतीच्या तपोवनात कुष्ठरोग्यांना औषधाबरोबर निवारा आणि हाताला काम दिले. त्यांनी एका संस्थेत केले ते राज्यव्यवस्थेकडून करवून घेणे हे पक्षाचे काम आहे.

मागणी स्पष्ट असावी. क्षयाचे निदान झालेल्या प्रत्येक असंघटित मजुराला उपचाराच्या पुऱ्या काळात किमान वेतनाच्या प्रमाणात भत्ता मिळावा. तो रोख आणि दरमहा मिळावा, उपचार संपल्यावर एकरकमी नव्हे. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा देशाच्या कितीतरी आधी, १९७७ साली केला. तेव्हा राज्याला हे झेपणार नाही असे म्हणण्यात अर्थ नाही. जिनिंग-प्रेसिंगला आणि इतर हंगामी कारखान्यांना विम्यातून वगळणारा अपवाद काढून टाकावा. रोग्याच्या घराला रेशनवर डाळ आणि तेल मिळावे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापूर्वी ही तीन कलमे निवेदनाच्या रूपाने जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आमदारांकडे गेली पाहिजेत.

दरम्यान तालुका शाखांना करण्यासारखे काम आहे आणि त्याला अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. दिवाळीपूर्वी बाहेर निघणाऱ्या कुटुंबांत कोणाचा उपचार चालू आहे, याची विचारपूस त्या कुटुंबाच्या संमतीने आणि गवगवा न करता करावी. निघताना दोन महिन्यांच्या गोळ्या बरोबर मिळाव्यात असा आग्रह आरोग्य केंद्राकडे धरावा, आणि जेथे ते जाणार तेथल्या केंद्राचे नाव कागदावर लिहून घ्यावे. अकोट, दर्यापूर, परतवाडा येथील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील वीटभट्ट्या आणि जिन यांवर जाऊन मुकादमाशी बोलावे, औषधाच्या दिवशी मजुरी कापली जाणार नाही एवढे त्याच्याकडून कबूल करून घ्यावे. केंद्रातला औषधसाठा किती दिवसांचा आहे, हे दर महिन्याला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. होळीला कोरकू कुटुंबे परत येतील तेव्हा धारणी आणि चिखलदऱ्याच्या साथींनी त्याच घरांत पुन्हा जावे.